आतून आलेला दाब

मी लॅपटॉपचं झाकण उघडलं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, शाईची दौत कलंडावी तसा काळा डाग पडला होता. त्यातून बारीक चिरा वर चढल्या होत्या आणि उजवीकडं जे काही उरलं होतं त्यावर हिरव्या-गुलाबी उभ्या पट्ट्या थरथरत होत्या. मी झाकण लावलं, देवाचं नाव घेतलं आणि परत उघडलं. डाग तिथंच होता. उलट मला वाटलं, तेवढ्यात बोटभर वाढलाय.

दसऱ्याची सकाळ होती. माझा नवरा उमेश खाली दाराला झेंडूचं तोरण बांधत होता.

"उमेश, जरा वर ये," मी जिन्यातून हाक मारली. माझा आवाज कसा आला असेल कोण जाणे, तो हातातली सुतळी तशीच घेऊन पळत वर आला.

"काय झालं?"

"बघ."

त्यानं वाकून बघितलं, बोटानं पडदा पुसून बघितला, जणू काही डाग वरचा आहे. "पडला का?"

"कसा पडेल? परवा रात्री मी काम थांबवून बंद केला, या टेबलावर ठेवला. काल दिवसभर आपण दोघंही कागलला, आईकडं. रात्री आलो ते थेट झोपलो. मी हातच लावला नाही त्याला."

"मग?"

मग काय ते दोघांनाही कळलं होतं. काल घरात अण्णा एकटेच होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्याच्यामागं स्वयंपाकघर आणि अण्णांची खोली, आणि माडीवर मी नि उमेश राहायचो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. अण्णांच्या हाताला उद्यमनगरात मान होता. दुसऱ्यानं बिघडवलेला जॉब, म्हणजे घडवायला दिलेला लोखंडी भाग, लोक शेवटी त्यांच्याकडं घेऊन यायचे. बोलणं मात्र अगदी बेताचं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली सून, मला वाटलं होतं आपलं यांच्याशी मस्त जमणार. कुठलं काय. लेथजवळ जाऊन उभी राहिले की, "लोखंडाचा बूर उडतोय, डोळ्यात जाईल, वर जा." झाला संवाद.

मग मला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. पंपाचे, व्हॉल्व्हचे भाग कॉम्प्युटरवर काढायचे, त्यावर मापं घालायची आणि पाठवून द्यायचे. लॅपटॉप कंपनीचा, बसायचं आपल्या घरात. मी हे सांगितलं तेव्हा अण्णांनी जेवता जेवता ऐकून घेतलं, ताक प्यायले आणि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू. न्हाई जमलं तर खालचं ऑफिस हायच की. फोन उचलायला माणूस पाहिजेच." उमेश लगेच म्हणाला, "अण्णांचं बरोबर आहे." त्याला काय, त्याला अण्णांचं सगळंच बरोबर वाटायचं. तेव्हापासून दसरा म्हटला की मला धडकी भरायची.

तिकडं पुण्यातही दसऱ्यानंतरच ठरणार होतं, मला कायम करायचं की नाही ते. ठरवणाऱ्या नातू मॅडम. आणि त्यांना आज संध्याकाळपर्यंत एका पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग हवं होतं. माझी निम्मी मापं घालायची राहिली होती. आमचा टीव्ही जुना, डब्याचा, त्याला लॅपटॉप जोडायची सोय नाही. माझ्याकडं दुसरं यंत्र नाही. म्हणजे हा पडदा आज लागला नाही तर ड्रॉइंग जात नव्हतं, आणि ड्रॉइंग गेलं नाही तर मी उद्यापासून खालच्या ऑफिसात फोन उचलायला बसत होते. इतकं सरळ होतं ते.

मी भीत भीत मॅडमना फोन लावला.

"शर्वरी, स्क्रीन फुटली हे मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण उद्या सकाळी साचा करणारा पॅटर्नवाला काम सुरू करणार, तो कसा समजून घेईल? तिथंच कुणाकडून तरी दुरुस्त करून घे. संध्याकाळी मला मेल दिसला पाहिजे. आणि हे झालं कसं ते मला नीट कळव. लॅपटॉप कंपनीचा आहे."

झालं कसं. काय कळवणार होते मी? सासऱ्यांनी फोडला म्हणून?

आता हे एकदम माझ्या मनात का आलं, तर त्याला कारण होतं. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असते. अण्णांची पद्धत अशी की आदल्या दिवशी सगळ्या यंत्रांची झाकणं, पत्रे, जाळ्या काढून ठेवायच्या. "झाकलेल्या यंत्राची पूजा होत न्हाई. तोंड उघडं पाहिजे त्याचं," असं ते म्हणायचे. मग लेथ, ड्रिलिंग, ग्राइंडर असं एकेक करत हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. पुढं एका पाटावर मापाची हत्यारं मांडलेली, व्हर्निअर, मायक्रोमीटर, कंपास. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी कुणी चालवायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी हौसेनं ड्रॉइंगच्या रेघा आखायचा माझा कॉलेजातला मिनिड्राफ्टर नेऊन त्या पाटावर ठेवला. अण्णांनी तो उचलला आणि बाजूच्या स्टुलावर ठेवला. "ह्ये कागदाचं काम. हत्यारं वेगळी." सगळे कामगार बघत होते. मी हसले, प्रसाद वाटला, वर आले आणि बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडले. म्हणून या वर्षी आईला भेटायचं निमित्त काढून मी मुद्दाम खंडेनवमीलाच कागल गाठलं होतं.

आणि नेमका त्याच दिवशी लॅपटॉप फुटला होता.

मी खाली गेले. अण्णा बशीत चहा ओतून पीत होते.

"अण्णा, काल वर कुणी आलं होतं का?"

"कोण येतंय? कामगार परसाद घेऊन दुपारीच गेले."

"माझा लॅपटॉप फुटलाय."

बशी ओठापाशी थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि जिन्याकडं निघाले. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, माडीवर ते सहसा चढत नसत. कठड्याला धरून, मध्ये थांबत, ते वर आले. लॅपटॉपसमोर उभे राहिले.

"काल तर..." ते म्हणाले.

"काल तर काय, अण्णा?"

"काय न्हाई."

आता सांगा, माणसानं काय समजायचं? आणि आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. लॅपटॉप चकचकीत पुसलेला होता. मी परवा रात्री मोसंबी सोलून खात खात काम केलं होतं, माझ्या बोटांचे डाग होते त्यावर. आता एकही नव्हता. मी मनात म्हटलं, वा, पुरावासुद्धा पुसून ठेवलाय.

उमेशच्या मित्राच्या नव्या टेम्पोची पूजा होती, तो तिकडं अडकला. बरं झालं अडकला, नाहीतर मी त्याच्यावरच जाळ काढला असता. मी लॅपटॉप पिशवीत घातला तर दारात अण्णा टोपी घालून, स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभे.

"चल. राजारामपुरीत इर्शाद हाय, त्येच्याकडं जाऊ. हुशार पोरगं हाय."

"मी जाते की रिक्षानं."

"मी येतो म्हटलं न्हवं?"

त्यांच्या जुन्या स्कूटरवर मी लॅपटॉप पोटाशी धरून बसले. रस्त्यात प्रत्येक गाडीला हार, प्रत्येक चौकात आपट्याच्या पानांचे ढीग, माणसं नवे कपडे घालून खरेदीला निघालेली. अण्णा रस्त्यावरचा एकेक खड्डा चुकवत इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. माझ्या मनात एकच घोळत होतं. हा माणूस आपल्याबरोबर कशाला आलाय? दुरुस्त होऊ नये म्हणून? का तो मेकॅनिक काय बोलतो ते ऐकायला?

इर्शादचं दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. तिशीचा, हसरा, दाढी राखलेला. दुकानाला हार घातलेला, गिऱ्हाईकांसाठी पेढेही आणून ठेवलेले. अण्णांना बघून उठून उभा राहिला.

"या अण्णा. वहिनी, बसा. चारला मी शटर ओढणार हाय हं, पोरांना चौकात सोनं लुटायला न्यायचंय. बघू काय झालंय."

त्यानं लॅपटॉप चालू केला. डाग आणि पट्ट्या बघून ओठ मुडपले. मग एक तार काढून आपला मॉनिटर त्याला जोडला. मॉनिटरवर माझं चित्र जसंच्या तसं उमटलं.

"हे बेस झालं," इर्शाद म्हणाला. "म्हंजे आतलं मशीन धडधाकट हाय. तुमच्या फायलीबियलींना काय झालं न्हाई. आता तार का पडदा, एवढंच बघायचं."

"तार असली तर?"

"तार असती तर झाकण हलवलं की पट्ट्या हलल्या असत्या. ह्या बघा, हलत न्हाईत." त्यानं झाकण हळूहळू पुढं-मागं केलं. "पडदाच गेलाय. काच आतनं तडकली."

"मी इथंच तुमच्या मॉनिटरवर काम पुरं केलं तर?"

"करा की. पर त्यो बघा." मॉनिटर जुनाट, अर्धी बाजू पिवळी पडलेली, अक्षरं फुटलेली. माझी मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची. त्यावर तीन का आठ हे कळलं नसतं. मी मान हलवली.

मग इर्शादनं लॅपटॉप बंद केला आणि झाकण उजेडात तिरपं धरलं. पाठीवरून तळहात फिरवला.

"पडला होता?"

"नाही."

"काय वर पडलं? कुणी बसलं?"

"नाही."

"मलाबी तसंच दिसतंय. वरनं मार न्हाई. झाकणाला पोचा न्हाई, ओरखडा न्हाई. समद्या चिरा एका ठिकाणातनं निघाल्यात बघा, ह्या इथनं." त्यानं काळ्या डागाच्या मधोमध पेचकस टेकवला. "दाब आतनं आलाय. झाकण लावताना आत काहीतरी ऱ्हायलं होतं. पेन, इअरफोन, पोरींची क्लिप, असलं काहीतरी. आणि मग झाकण बसंना म्हणून कुणीतरी वरनं दाबलंय. चांगला जोर लावलाय."

माझी नजर आपोआप अण्णांच्या हातांवर गेली. लोखंडाचे अवजड जॉब लेथच्या चकमध्ये आवळून आवळून ती बोटं जाड झाली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि अण्णा बाहेर रस्त्याकडं बघत होते.

म्हणजे उघडला होता. कुणीतरी उघडला होता, आत काहीतरी घातलं होतं आणि वरून दाबलं होतं. आणि त्या दिवशी घरात एकच माणूस होतं. माझं डोकं सणकलं. वाटलं, इथंच विचारावं, या परक्या माणसासमोर. तुम्हाला माझी नोकरी नको होती तर तोंडानं सांगायचं होतं. मला ऑफिसात बसवायचं होतं तर हात धरून बसवायचं होतं. असं माझ्या माघारी, सणाच्या दिवशी, चोरून...

"अण्णा," मी म्हणाले.

"हं?"

"तुम्ही काल..."

"थांबा वहिनी, आत अजून हाय वाटतं काहीतरी," इर्शाद मध्येच म्हणाला. त्यानं झाकण अगदी हळू खाली आणलं, डागाची जागा कीबोर्डवर कुठं येते ते बघितलं, तिथल्या बटणाच्या फटीत ब्रश घातला. मग लॅपटॉप उघडा ठेवूनच उपडा धरला आणि पाठीवर दोनदा थोपटलं.

टेबलावर काळी रबरी चटई होती. तिच्यावर टिक करून काहीतरी पडलं.

तांदळाचा दाणा होता. कच्चा, टोकाशी चेचलेला. आणि लाल.

मी बघतच राहिले. असा कुंकवाचा लाल तांदूळ आमच्या घरात जेवणात नसतो, कुणाच्याच घरात नसतो. तो पूजेच्या तबकात असतो. अक्षता होती ती.

बसल्या जागी मला सगळं कळलं. दुपारी कामगार गेल्यावर हा माणूस तबक हातात घेऊन, कठड्याला धरत, थांबत थांबत जिना चढला होता. झाकलेल्या यंत्राची पूजा होत नाही म्हणून त्यानं झाकण उघडलं होतं. हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग मला कळू नये म्हणून सगळं झाडलं, पुसलं, चकचकीत केलं. एक दाणा राहिला. झाकण नीट बसेना तेव्हा लेथवाल्या हातानं ते दाबून बसवलं. आणि सकाळी फुटलेला पडदा बघून म्हणाले होते, "काल तर..." काल तर चांगला होता, असंच म्हणायचं असणार त्यांना. मी त्याचा काय अर्थ लावला होता.

माझा मिनिड्राफ्टर उचलून स्टुलावर ठेवणारा माणूस हा.

आणि त्याच क्षणी मला दुसरीच भीती वाटली, पहिल्यापेक्षा मोठी. अण्णांच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट माफ नव्हती. लेथच्या बेडवर बुराचा एक कण राहिलेला दिसला तर ते कामगाराला हातातलं काम थांबवून उभं करायचे. "एक कण ऱ्हायला की जॉब गेला." जन्मभर दुसऱ्याला हेच सांगितलं त्यांनी. आता त्यांच्याच हातून एक कण राहिला होता आणि सुनेचं यंत्र फुटलं होतं. हे त्यांना कळलं तर ते मेल्याहून मेल्यासारखे होतील. आणि पुन्हा म्हणून कधी त्या जिन्यावर तबक घेऊन चढणार नाहीत.

"काय पडलं रे?" अण्णांनी विचारलं. ते खिशात चष्मा चाचपत होते.

मी चटईवर तळहात ठेवला.

"काही नाही अण्णा. भाताचं शीत आहे वाळलेलं. मी टेबलावरच जेवते ना काम करता करता. माझंच पडलं असणार. झाकण लावताना बघितलं नाही मी."

इर्शादनं माझ्याकडं बघितलं. त्याला लाल रंग दिसला होता, डोळे फुटले नव्हते त्याचे. एक क्षण मला वाटलं, हा आता खरं बोलणार, आपलं निदान बरोबर होतं म्हणून सगळं फोड करून सांगणार. माणसाला मोह होतो असा.

"व्हय, शीतच हाय," तो म्हणाला आणि पेचकस शोधायला खाली वाकला. "वाळलं की दगड होतंय ते."

अण्णांचा खिशातला हात रिकामाच बाहेर आला. चष्मा खिशातच राहिला.

"जेवताना यंत्र बाजूला ठेवावं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. दाणा मी रुमालात गुंडाळला.

आता पडदा. इर्शादनं जुना काढायला घेतला. कडेच्या रबरी टिकल्या नखानं उचकटल्या, त्याखालचे बारीक स्क्रू काढून एका बशीत ठेवले, मग एक प्लास्टिकचं कार्ड चौकटीत घालून ती कड सोडवत नेली. प्रत्येक वेळी कट असा आवाज यायचा. पडदा पुढं वाकवून कीबोर्डवर पालथा घातला आणि मागची चिकटपट्टी सोलून तार काढली. पाठीवरचा नंबर वाचला आणि दुकानाच्या माळ्यावर चढून एकेक खोका खाली ओढू लागला.

पहिल्या खोक्यात नाही. दुसऱ्यात होता तो मोठ्या मापाचा. बाहेर ढोल वाजायला लागले होते. मी मोबाईलवर वेळ बघायचं बंद केलं, बघून काय होणार होतं?

"न्हाई मिळाला तर?" अण्णांनी विचारलं. मला आठवतं, तो प्रश्न त्यांनी माझ्याआधी विचारला.

"न्हाई मिळाला तर पुण्यासनं. परवा-तेरवा."

अण्णा उठून उभे राहिले. उगीच दारापर्यंत गेले, परत आले. टोपी काढून परत घातली. त्यांना इतकं अस्वस्थ मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना म्हणावं, बसा हो, जाऊ दे ती नोकरी. पण तसं म्हणवेना, कारण नोकरी जाऊ द्यायची नव्हती मला. आता तर मुळीच नाही. ती गेली असती तर त्या दाण्यामुळं गेली असती.

"हा घ्या," माळ्यावरून आवाज आला. "एका मास्तरांचा लॅपटॉप होता, पाणी जाऊन आतलं मशीन जळालं. पडदा चांगला हाय. माप तेच, पिना त्याच."

त्यानं तार लावली, चिकटपट्टी दाबली, चालू केलं. तिघंही वाकलो.

काही नाही. नुसता अंधार.

इर्शादनं भुवया वर केल्या, मोबाईलची बॅटरी लावून पडद्यावर तिरका झोत टाकला, निरखून बघितलं. मग बंद केलं, तार काढली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि या वेळी दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देत सावकाश बसवली.

"अलगद," अण्णा अगदी हळू म्हणाले. इर्शादला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे.

पडदा उजळला. स्वच्छ, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी फाईल उघडली आणि माझी पंपाची बॉडी समोर आली. मला हसूही येत होतं आणि रडूही. अण्णांनी मात्र चष्मा लावला, पुढं वाकले आणि त्या ड्रॉइंगकडं बराच वेळ बघत राहिले. इर्शाद चौकटीचे स्क्रू हातात घेऊन थांबला होता.

"हितं माप घालायचं ऱ्हायलंय न्हवं?"

"अजून बरीच राहिलीत, अण्णा."

"मग चल लवकर."

घरी येऊन मी माडीचं दार लावून घेतलं. खालून उमेशनं जेवायला हाक मारली तर अण्णाच त्याच्यावर खेकसले, "तिला काम हाय." उजेड जायच्या आत ड्रॉइंग गेलं. नातू मॅडमचा फोन आला, "मिळालं. आणि ते फुटलं कसं?" मी म्हणाले, तांदळाचा दाणा राहिला झाकणात. "शर्वरी, ऑफिसच्या लॅपटॉपवर जेवत जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, हो मॅडम. एका दिवसात दोघांची एकच बोलणी खाल्ली.

संध्याकाळी अण्णांना सोनं दिलं आणि पाया पडले. त्यांनी मला आपट्याचं पान दिलं. "सोन्यासारखी ऱ्हा," एवढंच. दसरा झाला, दिवाळी झाली, मला कंपनीनं कायम केलं. खालच्या ऑफिसाचा विषय परत निघाला नाही. तो लाल दाणा मी मिनिड्राफ्टरच्या पेटीत टाकून ठेवला आणि अण्णांना काही कळलं नाही या समाधानात वर्ष काढलं.

पुढची खंडेनवमी आली. मी कागलला गेले नाही. वर्कशॉपमध्ये सगळी यंत्रं तोंडं उघडी टाकून तयार होती. जिन्याखालून अण्णांची हाक आली.

"शर्वरी, तुझं यंत्र आण खाली."

उमेशनं माझ्याकडं बघितलं. मी आनंदानं नाचायला हवं होतं की नाही? माझं धाबं दणाणलं. आता ते अक्षता टाकणार, आणि ना मला अडवता येणार, ना कारण सांगता येणार. वरून पातळ प्लास्टिक घालावं का? बिघडलाय म्हणावं का? काहीच सुचेना. नेला खाली. अण्णांनी पाटावर व्हर्निअर आणि मायक्रोमीटरच्या मध्ये जागा करून ठेवली होती.

"उघड."

उघडला. कामगार माना उंच करून बघत होते.

अण्णांनी सुरुवात लेथपासून केली. हळद, कुंकू, अक्षता, फूल. मग ड्रिलिंग. मग ग्राइंडर. मग पाटाकडं आले, व्हर्निअरवर अक्षता टाकल्या, आणि तबकातून पुन्हा चिमूट भरली. माझी नजर त्या चिमटीवर खिळली होती. मी मनातल्या मनात कीबोर्डच्या फटी मोजत होते.

त्यांनी ती चिमूट मायक्रोमीटरवर सोडली. मग बोटं टॉवेलला नीट पुसली, लॅपटॉपच्या कडेला हळद-कुंकवाचं एकेक बोट लावलं आणि झेंडूचं फूल त्याच्यावर न ठेवता शेजारी, पाटावर ठेवलं.

"अक्षता?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"त्येला तांदूळ सोसत न्हाई," अण्णा म्हणाले. "गेल्या साली बघितलं न्हवं का आपण?"

उमेश आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता.

"पण तुमचा चष्मा तर खिशात होता," मी कशीबशी म्हणाले.

"उभा जन्म सुताचा फरक नुसत्या डोळ्यानं बघितला मी. लाल तांदूळ दिसत न्हाई व्हय मला?"

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"तू हात ठेवलास की त्येच्यावर."

त्यांनी लेथचा ब्रश उचलला. कीबोर्डवर काहीही नव्हतं, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, वाकून फटी बघितल्या आणि बाजूला झाले.

"आता लाव झाकण," ते म्हणाले. "दाबू नको."